वायर कुणाची, दर कुणाचा

2019च्या जानेवारीत आमच्या केबलवाल्याचा मुलगा दारात आला आणि आईच्या हातात चारपाच पानांची झेरॉक्स ठेवून गेला. बारीक टायपात चॅनेलांची नावं, प्रत्येकापुढे महिन्याची किंमत आणि खूण करायला चौकोन. "काकू, हवे तेवढ्यांवर टिक करा आणि एकतीसच्या आत द्या. नाहीतर एक तारखेला टीव्ही काळा होईल, मग मला बोलू नका," एवढं ऐकवून तो समोरच्या ब्लॉककडे वळला.

आईने चष्मा लावला, दुधाचा हिशेब मांडते त्या कॅलेंडराची मागची बाजू घेतली आणि बसली. तिच्या मालिकांसाठी झी मराठी, 19 रुपये. बाबांचं क्रिकेट, 19 रुपये. हिंदी गाण्यांची स्पर्धा ज्यावर लागते ते, 19. असं करत करत एकोणीसवाली सहा चॅनेलं झाली, म्हणजे 114. सह्याद्री फुकट. आई खूश. आजवर आपण महिन्याला पावणेतीनशे भरत होतो म्हणजे चक्क लुटले जात होतो, असं तिचं मत होऊ लागलं होतं. तेवढ्यात फॉर्मच्या तळाची ओळ आली. नेटवर्क कपॅसिटी फी 130 रुपये, आणि सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे पैशाचं एकही चॅनेल न घेता 153 रुपये 40 पैसे द्यायचेच.

"हे कशाचे?"

"वायरीचे," मी म्हटलं.

"वायर कधीची टाकलीय. तेव्हा घेतले होते त्याने पैसे."

बेरीज 287 रुपये 92 पैशांवर थांबली. पूर्वी पावणेतीनशेत दोनेकशे चॅनेलं दिसायची आणि त्यातली आम्ही सातआठ बघायचो. आता तीच सातआठ, वर तेरा रुपये जादा. आईने फॉर्म बाजूला सारला आणि केबलवाल्याला फोन लावून "तुझं ते तयार पॅकेज असेल ते लाव बाबा" म्हणून सांगितलं. सरकारी नियमाने दिलेलं निवडीचं स्वातंत्र्य आमच्या घरात जेमतेम पाऊण तास टिकलं.

केबलचे आणि इंटरनेटचे दर सरकारने ठरवावेत की नाही, यावर वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक मला भेटतात. एक म्हणतो कंपन्या लुटतात, सरकारने वेसण घातलीच पाहिजे. दुसरा म्हणतो सरकारने हात घातला की आहे तेही बिघडतं. आईच्या कॅलेंडरावरची बेरीज दोघांनाही दाखवावीशी वाटते. सरकारने हात घातला होता, लुटालूट थांबावी म्हणूनच घातला होता, आणि हेतूही सरळ होता: ग्राहकाने जेवढं बघायचं तेवढ्याचेच पैसे द्यावेत. फोन आणि केबलचे नियम ठरवणाऱ्या ट्राय या सरकारी प्राधिकरणाने 2017च्या मार्चमध्ये आदेश काढला, वाहिन्यावाले कोर्टात गेले, 30 ऑक्टोबर 2018ला सर्वोच्च न्यायालयाने ट्रायच्या बाजूने कौल दिला आणि तेव्हा कुठे तो फॉर्म आमच्या दारात आला.

गोम होती त्या 19मध्ये. चॅनेल 19 रुपयांना विका असं ट्रायने कुठेच म्हटलं नव्हतं. नियम एवढाच होता की ज्या चॅनेलची सुटी किंमत 19 रुपयांच्या वर जाईल, त्याला पॅकेजात घालता येणार नाही. झालं. लोकांना जी हवीत ती झाडून सगळी चॅनेलं बरोब्बर 19ला जाऊन बसली. कमाल मर्यादा म्हणून आखलेली रेघ हीच किंमत होऊन बसली. आणि गंमत म्हणजे त्या रेघेच्या जोडीला दुसरी एक रेघ आखली होती, ती मधल्यामध्ये पुसली गेली. पॅकेज करताना सुट्या किमतींच्या बेरजेवर 15 टक्क्यांपेक्षा जास्त सूट द्यायची नाही, असं ट्रायने म्हटलं होतं. मद्रास उच्च न्यायालयाने ती अट रद्द ठरवली आणि ती परत काही आली नाही. मग कंपन्यांनी पॅकेजांवर 70 टक्क्यांपर्यंत सूट दिली. हापूसचे चार सुटे आंबे घ्यायला जावं आणि विक्रेत्याने चारच्या भावात अख्खी पेटी पुढे करावी, तसं. पेटीत निम्मे आंबे आपण खाणार नाही अशा जातीचे, पण सुटे चार घेणारा गाढव ठरतो. आईने पाऊण तासात जे केलं ते अगदी हिशेबी माणसाचंच होतं.

पुढचा इतिहास वाचताना ट्रायची दया येते. 2020च्या जानेवारीत त्यांनी 19ची मर्यादा 12वर आणली आणि पॅकेजावरच्या सुटीला 33 टक्क्यांचा लगाम घातला. वाहिन्यावाले मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने 30 जून 2021ला बरंचसं ट्रायच्या बाजूने मान्य केलं. त्यावर वाहिन्यांनी काय करावं? आपली लाडकी चॅनेलं पॅकेजातून बाहेर काढून त्यांच्या सुट्या किमती बाराच्या कितीतरी वर नेऊन ठेवल्या. म्हणजे नियम पाळूनच बिल वाढणार. ट्रायने अंमलबजावणी पुढे ढकलली, ढकलत ढकलत 2022च्या नोव्हेंबरात पुन्हा 19 रुपयांवर परत आले आणि सूट 45 टक्के केली. 2023च्या फेब्रुवारीत नव्या दरांचे करार करायला काही केबल कंपन्या तयार होईनात, तेव्हा मोठ्या वाहिन्यांनी काही दिवस त्यांचे सिग्नलच तोडले. आईच्या मालिकेतल्या लग्नाची तारीख तेव्हाचीच होती. एवढ्या सगळ्यानंतर 2024च्या जुलैत ट्रायने ते वायरीचे 130 रुपयेही मोकळे सोडले. आता ज्याला जे परवडेल ते त्याने लावावं.

यात कुणी खलनायक शोधायचा तर शोधता येईल. मला मात्र दिसतं ते असं की किंमत हा आकडा बाहेरून पकडता येतो असा समज दिल्लीत बसून होतो, आणि तो आकडा ज्या धंद्यातून येतो त्या धंद्याचे सांधे गल्लीत असतात.

माझं लहानपण सांगलीतलं. आमच्याकडे केबल आली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, आखाती युद्धानंतर देशभर गच्च्यांवर डिश उगवल्या तेव्हा. आमचा केबलवाला आधी रेडिओ दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानामागच्या खोलीत रॅकवर यंत्रं मांडलेली, खाली पंखा जमिनीवर ठेवून त्यांच्याकडे वळवलेला, कारण उन्हाळ्यात ती तापून बंद पडायची. तिथून काळी जाड वायर निघून चिंचेच्या झाडावरून, म्युनिसिपालिटीच्या खांबावरून, कुणाच्या तरी कपडे वाळत घालायच्या दोरीला लगटून आमच्या खिडकीत यायची. शनिवारी रात्री तो स्वतःच्या व्हीसीआरवरून पिक्चर लावायचा आणि पडद्याच्या तळाशी गावातल्या साडी सेंटरची पट्टी सरकायची. आमच्या गल्लीचा राजा तो. पलीकडच्या गल्लीचा दुसरा. दुसऱ्याची वायर आपल्या हद्दीत आली की ती रात्रीत कापली जायची आणि सकाळी दोघेही "वादळाने गेली" म्हणायचे. 1995मध्ये केबलचा कायदा आला आणि या राजांना नोंदणी करायला सांगितलं ती कुठे, तर पोस्टात. मनिऑर्डरीच्या खिडकीशेजारी.

त्याचं बिल म्हणजे एक पुठ्ठ्याचं कार्ड, बारा महिन्यांचे बारा चौकोन. पैसे दिले की तो चौकोनात सही करायचा. रक्कम लिहायची पद्धत नव्हती. रक्कम माणसागणिक वेगळी असायची. डॉक्टरांच्या बंगल्याला जास्त, आमच्यासारख्या वाड्यातल्या भाडेकरूंना कमी, पोलिसलाइनीत बहुधा काहीच नाही.

आता अशा धंद्यात दर गोठवायचे कसे? ते गोठवले गेले होते. 2004च्या जानेवारीत केबलचा कारभार ट्रायकडे आला आणि काही दिवसांतच हुकूम निघाला की 26 डिसेंबर 2003ला जो दर चालू होता त्याच्यावर कुणी जायचं नाही. कागदावर अगदी चोख. पण त्या दिवशीचा दर कुठे लिहिलेला होता? पुठ्ठ्याच्या कार्डावर नुसत्या सह्या. शिवाय जोडण्याच कुणाला ठाऊक नव्हत्या. करमणूक कर जोडणीमागे, वाहिनीला द्यायचे पैसे जोडणीमागे, म्हणून गल्लीत तीनशे घरं असली तर केबलवाला सत्तर दाखवायचा. वाहिनीवाल्यांना हे पक्कं माहीत, म्हणून ते सत्तर घरांवरच तीनशे घरांचे पैसे लावायचे. सगळा व्यवहार परस्परांच्या थापांवर तोललेला, आणि सरकार म्हणतंय दर हलवू नका. 2007च्या सुरुवातीला दक्षिण मुंबईसारख्या मोजक्या भागांत सेटटॉप बॉक्स सक्तीचा करून फुकट चॅनेलांच्या सगळ्या गठ्ठ्याला महिन्याला 77 रुपये आणि पैशाच्या प्रत्येक चॅनेलला सरसकट 5 रुपये असा दर बांधून दिला गेला. मुलांचं चॅनेल असो की क्रिकेटचं, पाचच. तो प्रयोग त्या भागांच्या पलीकडे फारसा गेला नाही.

मोजणी खरी झाली ती बॉक्स घरोघर आल्यावर. पुण्यात 2013च्या मार्चअखेरची मुदत होती. मला विचाराल तर सरकारने या क्षेत्रात केलेलं सगळ्यात मोठं काम ते, दर बांधणं नव्हे. एकदा कुठल्या घरात काय दिसतं याची नोंद झाली की थापा मारायची सोय संपली.

पण त्याच बॉक्सने आम्हाला बांधूनही घातलं. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर 20 जानेवारी 2011ला आली. त्या दिवसापासून कस्टमर केअरवाल्यांचा सूर बदलला, हे ज्यांनी आधीचे फोन केलेत त्यांना आठवत असेल. केबलचं आणि डिशचं तसं नाही. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सिग्नलवर चालत नाही. कंपनी बदलायची तर जुना बॉक्स माळ्यावर, नव्याचे पैसे रोख. कुठल्याही कंपनीचा सिग्नल घेईल असा बॉक्स सक्तीचा करा, अशी शिफारस ट्रायने 2020च्या एप्रिलमध्ये केली. ती अजून शिफारसच आहे. आमच्या माळ्यावर दोन बॉक्स आहेत, रिमोटसकट. त्यातला एक चालू आहे, फक्त तो ज्या कंपनीचा आहे तिच्याकडे आम्हाला परत जायचं नाही.

एवढी शक्ती 19 की 12 या वादात घालण्याऐवजी या बॉक्सच्या मागे लावली असती, तर आईला फॉर्म भरावाच लागला नसता असं मला वाटतं. माणूस उठून दुसरीकडे जाऊ शकला की दराचं बरंचसं आपोआप होतं.

फोनकडे बघा. 1995मध्ये मोबाइल आला तेव्हा दरावर सरकारी मर्यादा होती: गर्दीच्या वेळी मिनिटाला 16 रुपये 80 पैसे, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे. तिथेही मर्यादा हीच किंमत होती! पुढे परवान्यांची पद्धत बदलली, जास्त कंपन्या आल्या, 2003मध्ये येणारे फोन फुकट झाले, आणि ट्रायने दर ठरवण्याचं काम बहुतांशी कंपन्यांवरच सोडून दिलं. नंतर डेटाचं जे झालं ते 2016च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर सगळ्यांनी पाहिलं. बाजार मोकळा सोडा म्हणणारे इथेच गोष्ट संपवतात. ती संपत नाही. ज्या बाजारात डझनभर नावं होती तिथे खाजगी तीन उरली, आणि 2024च्या जुलैत तिघांनीही एकदोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले. 28 दिवसांचा 239चा रिचार्ज 299 झाला. ट्रायने हस्तक्षेप केला नाही. तीन दुकानं एकाच सुमारास एकच भाव सांगू लागली की गिऱ्हाइकाने उठून जायचं कुठे, याचं उत्तर 'बाजार' हे नव्हे.

आणि ते 28 दिवस! महिन्याचा म्हणून विकायचा आणि वर्षात तेरा वेळा भरून घ्यायचा. पगार बारा, पेन्शन बारा, रिचार्ज तेरा. 2022च्या जानेवारीत ट्रायने सांगितलं की प्रत्येक कंपनीकडे किमान एक प्लॅन तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा असलाच पाहिजे. दर कितीही लावा, महिन्याला महिना म्हणा, एवढंच. 2024च्या डिसेंबरात आणखी एक सांगितलं: ज्यांना नेट नकोच आहे त्यांच्यासाठी नुसत्या बोलण्याचा आणि एसएमएसचा प्लॅन ठेवा. बाबांच्या बटणांच्या फोनला रोज दीड जीबी डेटा मिळत होता, तो ते काय करायचे देव जाणे. कंपन्यांनी प्लॅन आणले, ट्राय तपासणार म्हटल्यावर काही दिवसांतच त्यांचे आकडे थोडे खालीही आले. आणि 2016च्या फेब्रुवारीतला तो निर्णय, की ठरावीक वेबसाइटी फुकट आणि बाकीच्यांना पैसे असा भेद करायचा नाही. यातल्या एकाही ठिकाणी ट्रायने रुपयाचा आकडा घातलेला नाही, तरी ही मला सगळ्यात कामाची दरनियंत्रणं वाटतात. अडवणूक ओळखून तिच्यावर बोट ठेवलं आहे.

ब्रॉडबँडची अडवणूक तर इमारतीच्या डक्टमध्येच, म्हणजे वायरी वर न्यायच्या पोकळीत, बसलेली असते. आमच्या सोसायटीत बिल्डरने एकाच कंपनीशी करार केला होता. तिचा दर बाहेरच्यापेक्षा जास्त, आणि नेट गेलं की "उद्या माणूस येईल" हे तिचं ब्रीद. दुसऱ्या कंपनीला वायर टाकू द्यावी असा विषय सभेत निघाला तेव्हा सेक्रेटरींनी विचारलं, "भिंतीला भोक पडलं तर जबाबदार कोण?" त्या भोकावर चांगलाच काळ चर्चा चालली. शेवटी लिफ्टजवळच्या डक्टमधून, भोक न पाडता, दुसरी वायर आली. काही दिवसांतच पहिल्या कंपनीचे फोन घरोघर सुरू झाले: सर, त्याच पैशात दुप्पट स्पीड देतो, राउटर नवा देतो. हा भाव कुठल्याही प्राधिकरणाने ठरवला नव्हता. पण डक्ट सगळ्यांना खुला ठेवा हे बिल्डरला सांगायला मात्र कुणीतरी हवं, आणि ते काम सोसायटीच्या सभेवर सोडणं म्हणजे माणसांच्या सहनशक्तीची परीक्षा आहे.

हे सगळं मी पुण्यात बसून लिहितोय, जिथे दुसरी वायर येऊ शकते. माझी मावशी लांजा तालुक्यातल्या एका वाडीत राहते. टीव्हीला तिच्याकडे डीडी फ्री डिश आहे, 2004च्या डिसेंबरात सुरू झालेली दूरदर्शनची ती फुकट छत्री. छत्रीचे पैसे एकदा दिले, मग महिन्याचं काहीच नाही. चॅनेलं मोजकी, पण दर वाढवायची धमकी तिला कुणी देऊ शकत नाही. सरकारने दुसऱ्याच्या मालाचा भाव बांधण्यापेक्षा स्वतःचं एक साधं दुकान उघडून ठेवावं, हे मला जास्त पटतं. इंटरनेटचं मात्र तसं दुकान तिच्या वाडीत नाही. एकच माणूस आहे, तालुक्याहून विजेच्या खांबांवरून फायबर घेऊन आलेला. पावसात फणसाची फांदी पडली की वायर तुटते, ती जोडायला त्याचा माणूस रत्नागिरीहून यायचा, बिल मात्र खंड न पडता चालू. दर पुण्यापेक्षा जास्त आणि स्पीड निम्मा. तिथे दुसरा येणार नाही, कारण चाळीसेक घरांसाठी दोन वायरी कुणालाच परवडत नाहीत. अशा ठिकाणी मी सरळ म्हणेन, सरकारने आकडा घालावा. तिथे त्याला पर्याय नाही.

घातल्याचं एक ताजं उदाहरणही आहे. पीएम-वाणी नावाची योजना 2020 अखेरीस आली: चहाच्या टपरीने, किराणावाल्याने नेटची जोडणी घ्यावी आणि आल्यागेल्याला दहापाच रुपयांत वायफाय विकावं. कल्पना छान, पण कंपन्या या दुकानदारांकडे घरगुती जोडणीऐवजी ऑफिसांना देतात त्या महागड्या लीज्ड लाइनचे पैसे मागू लागल्या. 2025च्या जूनमध्ये ट्रायने आदेश काढला की 200 एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला अशा दुकानांकडून घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत.

माझ्या मावसभावाचं तिथे किराणाचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. त्याला मी हे फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "घरचा दर सातशे, म्हणजे मला चौदाशे. पण त्याने उद्या घरचाच नऊशे केला तर? त्याला कुणी विचारणार आहे का?"

नाही, त्याला कुणी विचारणार नाही. घरगुती दरावर मर्यादा नाहीच, मर्यादा आहे ती त्याच्या दुपटीवर. तरी भाऊ जोडणी घ्यायच्या विचारात आहे. दहा रुपयांचं कूपन धरलं तर चौदाशे निघायला महिन्याला 140 कूपनं खपली पाहिजेत. गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की ती दोन दिवसांत संपतील, मे महिन्यातही काळजी नाही. उरलेल्या महिन्यांचा हिशेब त्याला अजून जमत नाहीये.